घाईनं वाढलेली हाडं

चंडीगढच्या पूर्व कडेला मनीमाजरा आहे. ल कॉर्बुझिएच्या आखीव सेक्टरांच्या कितीतरी आधीचं हे गाव. जुना किल्ला, चिंचोळ्या गल्ल्या, मोटारींच्या सुट्या भागांचा भलामोठा बाजार आणि त्याला लागून हाउसिंग बोर्डाची घरं. इथून पंचकुला ओलांडून गेलं की भानू लागतं. तिथं भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. २०२० साली या केंद्रात जन्मलेल्या बेल्जियन मॅलिन्वा जातीच्या १७ पिल्लांना लडाखमधल्या ठिकाणांची नावं दिली गेली, गलवान, रेझांग, सिरिजाप अशी, आणि काही दिवस ती पिल्लं वर्तमानपत्रांत झळकली. मॅलिन्वा पूर्ण वाढला तरी साधारण २५ ते ३० किलोंचा, अंगानं सडसडीत. जगभरातली पोलिस दलं आणि सैन्यं गेल्या काही दशकांत जर्मन शेफर्डकडून त्याच्याकडे वळली. चपळाई हे त्याचं एक कारण. दुसरं कारण शेफर्डच्या खुब्यात आहे.

घरगुती आवड मात्र बरोबर उलट्या दिशेची. मनीमाजरा असो, पंचकुला असो की मोहाली, कुत्रा भारदस्त हवा. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर हे तर झालेच; हौस आणि ऐपत असेल तर सेंट बर्नार्ड किंवा ग्रेट डेन. चंडीमंदिरच्या छावणीत बदलून आलेल्या मराठी फौजी कुटुंबांना ही आवड नवी वाटत नाही, कारण पुण्या-नाशकातही पिल्लू निवडताना पहिली नजर पंजाच्या जाडीवरच जाते. थोराड पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू, हे समीकरण पक्कं आहे. सांध्यांच्या दुखण्यांची निम्मी कथा या समीकरणातूनच सुरू होते.

दुखणं दिसू लागतं ते साधारण पाचव्या ते दहाव्या महिन्यात. दुपारची झोप काढून उठलेलं पिल्लू पहिली चार पावलं लंगडतं, मग नीट चालतं. पळताना मागचे दोन्ही पाय एकत्र उचलतं, सशासारखं. गाडीत उडी मारायला कचरतं, जिन्याच्या पायथ्याशी बसून राहतं. घरातले म्हणतात, पाय मुरगळला असेल. कधीकधी ते खरंही असतं. पण थोराड जातीच्या पिल्लाचं लंगडणं आठवडाभरात थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर मागे चार-पाच वेगवेगळे आजार असू शकतात आणि त्यांचं भवितव्य एकसारखं नसतं.

त्यातला सर्वांत परिचित म्हणजे खुब्याचा दोष, हिप डिस्प्लेशिया. मांडीच्या हाडाचं डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसत नाही, सैल हलत राहतं, कूर्चा झिजते आणि पिल्लाला वर्ष-दोन वर्षांतच संधिवात जडतो. कोपराचा दोष याहून फसवा. कोपराच्या आत हाडाचा छोटा तुकडा सुटतो, किंवा विसाव्या आठवड्यापर्यंत जुळायला हवा असलेला भाग जुळतच नाही; हे दुसरं शेफर्डमध्ये विशेष. खांद्यात कूर्चेचा पापुद्रा सुटण्याचा प्रकार ग्रेट डेनसारख्या जातींत आढळतो. आणि मग पॅनोस्टायटिस. यात वेदना सांध्यात नसते, लांब हाडांच्या आत असते. आज पुढचा डावा पाय, पंधरा दिवसांनी मागचा उजवा, असं लंगडणं फिरत राहतं. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण या यादीतला हाच आजार असा की पिल्लू दीड-दोन वर्षांचं होईतो आपोआप बरा होतो. म्हणून निदानाआधीच ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ म्हणणं जितकं चूक, तितकंच प्रत्येक लंगडण्याला ‘खुबा गेला’ म्हणणंही.

खुब्याच्या या दोषाचं कुत्र्यांतलं पहिलं वर्णन १९३५ साली जेरी श्नेल या अमेरिकी पशुवैद्यानं केलं. तो तेव्हा दुर्मीळ मानला गेला. पुढं पेनसिल्व्हेनियाच्या वेन रायझर यांनी दाखवून दिलं की दोष येणाऱ्या पिल्लांचे खुबेही जन्मतः ठीकच असतात. बिघाड नंतरच्या आठवड्यांत होतो, कारण हाडं आणि शरीराचं वजन झपाट्यानं वाढतं आणि सांधा धरून ठेवणारे स्नायू मागे पडतात. जॉन ऑलिन या बंदुका-काडतुसांच्या कारखानदाराला आपल्या शिकारी कुत्र्यांत हा आजार दिसला आणि त्याच्या पुढाकारानं १९६६ साली ओएफए ही संस्था उभी राहिली. एक्स-रे तपासून खुब्यांना श्रेणी देण्याचं काम ती आजही करते; कायमचा दाखला मात्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळतो.

आजार आनुवंशिक आहे यात वाद नाही. पण एकाच जनुकाचा तो खेळ नव्हे. अनेक जनुकं मिळून धोका ठरवतात, आणि तो धोका किती प्रत्यक्षात उतरेल हे बरंचसं वाढीच्या काळात ठरतं. पिल्लू घरी आलं की त्याची जनुकं बदलता येत नाहीत. ताटली बदलता येते.

ताटलीबद्दलचा सर्वांत मोठा पुरावा एका विचित्र ठिकाणाहून आलेला आहे: कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीकडून. अमेरिकेतल्या रॅल्स्टन प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी लॅब्राडोरची ४८ पिल्लं घेतली आणि एकाच वेतातल्या भावंडांच्या २४ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या तीनचतुर्थांश दुसऱ्याला. खाणं तेच, फक्त पाव हिस्सा कमी. दोन वर्षांनी एक्स-रे काढले तेव्हा भरपूर खाणाऱ्या २४पैकी १६ कुत्र्यांच्या खुब्यात दोष निघाला. कमी खाणाऱ्या २४पैकी ७ जणांच्या. मग हा अभ्यास कुत्र्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालवला गेला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. संधिवाताच्या औषधांची गरजही कमी खाणाऱ्यांना काही वर्षं उशिरा पडली. भरपूर खाणारी कुत्रीही कुणाला बेढब लठ्ठ वाटली नसती. आपल्याकडच्या बैठकीत पसरलेल्या लॅब्राडोरांच्या मानानं ती बेतशीरच होती. अन्न विकणाऱ्या कंपनीनं ‘कमी घाला’ असं सिद्ध करावं, यापेक्षा खात्रीची साक्ष कुठली असणार?

पंजाबात हा सल्ला गळी उतरणं अवघड आहे. घरी म्हशीचं दूध आहे, तूप आहे, पराठ्याचा शेवटचा तुकडा कुत्र्याचा हे ठरलेलं आहे. पाहुणा आला की ‘पिल्लू सुकलंय’ म्हणतो. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही; तुपाऐवजी बिस्किटं असतात, इतकंच. वाढत्या लॅब्राडोरच्या बरगड्या हात फिरवल्यावर सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. पशुवैद्य शरीराच्या ठेवणीचे नऊ गुण मोजतात, त्यातले चार-पाच हे योग्य. बहुतेक घरांना अशी कुत्री रोडावलेली वाटतात.

दुसरी चूक कॅल्शियमची, आणि ती अगदी प्रेमापोटी होते. हाडं मोठी म्हणजे कॅल्शियम जास्त हवं, हे तर्काला पटणारं आहे. दुकानदार पिल्लाबरोबर गोड चवीची कॅल्शियमची बाटली देतो. पण साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही. जितकं पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा शोषला जातो. हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठात हेर्मान हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना गरजेच्या कित्येक पट कॅल्शियम देऊन पाहिलं. हाडांची घडण बिघडली, कूर्चा नीट हाडात रूपांतरित झाली नाही. त्याआधी १९७४मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या ग्रेट डेनवरच्या प्रयोगातही अति खाण्याचे असेच परिणाम दिसले होते. म्हणून चांगल्या प्रतीचं, मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्य देत असाल, तर वरून बाटली नको.

इथं उलट बाजूही सांगायला हवी, कारण मनीमाजऱ्यात आणि मिरजेतही सगळेच तयार खाद्य घालत नाहीत. निव्वळ दूध-पोळी, वरण-भात, किंवा हाडं काढलेलं चिकन आणि भात यांवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं. पाय वाकतात, हाडं सहज मोडतात. जुनी माणसं याला मुडदूस म्हणतील. अशा पिल्लाला पूरक खनिजं लागतात, पण त्यांचं प्रमाण वजन आणि खुराक पाहून पशुवैद्यानं ठरवायचं. ‘शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मानवलं’ हा काही डोस नव्हे.

व्यायामाबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, पिल्लाला वर्षभर हलू देऊ नका. दुसरा सहा महिन्यांच्या शेफर्डला स्कूटरला दोरी बांधून पळवतो. नॉर्वेतल्या रांदी क्रॉन्टव्हाइट आणि सहकाऱ्यांनी न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या सुमारे पाचशे पिल्लांचा माग ठेवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जन्मापासून तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचं प्रमाण जास्त आढळलं. त्याच वयात मोकळ्या, मऊ, जराशा उंचसखल जमिनीवर स्वतःच्या मर्जीनं हुंदडणाऱ्यांत ते कमी होतं. म्हणजे हालचाल हवी. पण ती पिल्लानं ठरवलेली, मातीवरची.

मनीमाजऱ्यात ही माती शोधावी लागते. जुन्या गल्ल्या सिमेंटच्या, फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, घरात गुळगुळीत टाइल किंवा संगमरवर. घसरत उठणारं पिल्लू प्रत्येक वेळी सैल खुब्यावर ताण देतं. रबरी चटया, जुनी सतरंजी, पंजाखालचे वाढलेले केस कापणं, पहिले तीन-चार महिने जिन्यावर कडेवर उचलून नेणं, हे उपाय दिसायला क्षुल्लक आहेत आणि त्यांना खर्चही फारसा येत नाही. सुखना तलाव हाकेच्या अंतरावर, पण तिथं पाळीव कुत्र्यांना बंदी. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार गेला की सकाळी सहानंतर रस्ता भाजतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गार फरशीवर झोपलेला सांधेदुखीचा कुत्रा सकाळी उठताना कण्हतो. उन्हाळ्यात फिरणं कमी झालं तर ताटलीही त्या प्रमाणात कमी व्हायला हवी. ती सहसा होत नाही.

नसबंदीचं वय हाही आता या चर्चेचा भाग झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातल्या बेंजामिन हार्ट यांच्या गटानं २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरचा आणि २०२० साली ३५ जातींचा अभ्यास मांडला. अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांना सांध्यांचे आजार जास्त आढळले. लहान जातींत असा फरक दिसला नाही. लिंगग्रंथींची संप्रेरकं हाडांची वाढ वेळेवर थांबवतात, ती लवकर गेली की हाडं जरा जास्त लांबतात, हे त्याचं संभाव्य स्पष्टीकरण. मात्र मादीत गर्भाशयात पू होण्याचा धोका दुसऱ्या पारड्यात आहेच, त्यामुळे सरसकट नियम करता येत नाही.

निदानासाठी नुसतं चालणं बघून भागत नाही. भूल किंवा गुंगी देऊन पशुवैद्य खुबा हलवून पाहतो; वाटीतून निसटलेलं हाड ‘टक्’ करून परत बसतं. या खुणेला ऑर्टोलानीचं नाव आहे. मारिनो ऑर्टोलानी हा इटलीतला बालरोगतज्ज्ञ, त्यानं ही तपासणी माणसांच्या बाळांसाठी रूढ केली होती. पेनसिल्व्हेनियाच्या गेल स्मिथ यांनी विकसित केलेल्या पेनहिप पद्धतीत तर सोळाव्या आठवड्यातच सांध्याचा सैलपणा आकड्यात मोजता येतो. चंडीगढच्या परिसरात एक्स-रेची सोय असलेले खासगी दवाखाने आहेत. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाचा रस्ता धरता येतो, साधारण शंभर किलोमीटर. मराठी वाचकाला परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय जसं, तसं हे पंजाबचं.

शस्त्रक्रियांचं त्रांगडं असं की सर्वांत सोपी शस्त्रक्रिया जेव्हा करायची असते तेव्हा पिल्लू लंगडतच नसतं. साधारण १२ ते २० आठवड्यांच्या दरम्यान कटीच्या हाडांचा समोरचा जोड डाग देऊन लवकर बंद केला, तर पुढच्या वाढीत वाट्या आपोआप हाडाच्या डोक्यावर जास्त झाकल्या जातात. मालकाच्या लक्षात दुखणं येतं ते बहुधा सहाव्या महिन्यानंतर, तोवर ही संधी गेलेली असते. त्यानंतर कटीचं हाड कापून वाटी फिरवून बसवण्याची शस्त्रक्रिया असते, तीही संधिवात सुरू होण्याआधीच, म्हणजे ढोबळमानानं दहा महिन्यांच्या आत. पुढचे पर्याय म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकंच काढून टाकणं, ज्यात स्नायूंच्या आधारानं खोटा सांधा तयार होतो आणि हलक्या कुत्र्यांत तो चांगला चालतो. किंवा कृत्रिम खुबा. कृत्रिम खुब्याचे निकाल उत्तम असतात. खर्च, अनुभवी हात आणि नंतरची महिनोन्‌महिन्यांची निगा, तिन्ही जड.

पण बहुसंख्य कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत नाही आणि त्यातली पुष्कळ बरी जगतात. वजन कमी ठेवणं, रोज ठरावीक वेळ दोरीनं चालवणं, जमेल तिथं पोहायला नेणं, आणि लागेल तेव्हा वेदनाशामक. एक्स-रेवर भयंकर दिसणारा खुबा घेऊन आनंदानं धावणारी कुत्री प्रत्येक पशुवैद्यानं पाहिलेली असतात. एक्स-रेवर नव्हे, कुत्र्यावर उपचार करायचे असतात.

वेदनाशामकांच्या बाबतीत मनीमाजऱ्याजवळच एक ठिकाण आहे जे या विषयाशी अनपेक्षितपणे जोडलेलं आहे. पिंजोरजवळ बीर शिकारगाहच्या जंगलात गिधाडांसाठीचं जटायू संवर्धन प्रजनन केंद्र आहे. हरियाणाचं वन खातं आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मिळून ते चालवतात. गिधाडं नाहीशी झाली ती डायक्लोफेनॅकमुळे. हे औषध दिलेल्या गुराचं मढं खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढं आलं, कारण ते गिधाडांना घातक नसल्याचं सिद्ध झालं होतं. पुढं २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. आता कुत्र्याच्या सांधेदुखीवर पशुवैद्य जे मेलॉक्सिकॅम लिहून देतात ते हेच. याशिवाय कार्प्रोफेन आणि फिरोकॉक्सिब कुत्र्यांसाठी वापरात आहेत. घरच्या औषधांच्या डब्यातली डायक्लोफेनॅकची किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कुत्र्याच्या जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करते. अर्धी दिली तरी. मेलॉक्सिकॅमही पशुवैद्यानं सांगितलेल्या मात्रेपलीकडे द्यायचं नाही, आणि दीर्घकाळ द्यायचं तर मधूनमधून रक्त तपासून.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या प्रत्येक दुकानात मिळतात. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या गटानं २०२२ साली उपलब्ध प्रयोगांचा एकत्र धांडोळा घेतला. या दोन्हींचा वेदनेवर परिणाम दिसला नाही, माशांच्या तेलातल्या ओमेगा-३चा दिसला. तेवढे पैसे माशाच्या तेलावर घालावेत.

राहता राहिली पैदास, आणि इथं कायदा व बाजार यांची गाठ क्वचितच पडते. व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करायला २०१६ साली बंदी आली, त्यामुळे सेंट बर्नार्डसारख्या जातींत देशातलंच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार पैदासकारानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नसतं आणि १८ महिन्यांखालच्या कुत्र्यांचा संयोग घडवायचा नसतो. चंडीगढनं २०२५मध्ये नवीन उपविधी आणले: घराच्या आकारावर कुत्र्यांची संख्या ठरते, पाच मरल्यांपर्यंतच्या (मरला हे इथलं जागेचं माप) घरात एकच, आणि रॉटवायलरसह काही जाती नव्यानं पाळायला मनाई. ही सगळी चर्चा चावण्याभोवती फिरली. पाच मरल्यांच्या दुमजली घरात ६० किलोंचं जनावर जिने कसं चढणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

सडपातळ शिकारी कुत्र्यांत हा खुब्याचा दोष फारच विरळ. ग्रेहाउंडमध्ये तो जवळजवळ नसल्यातच जमा. सोलापूर-सांगलीकडचा कारवान आणि घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड याच बांध्याचे. त्यांना पळायला मोकळं रान हवं, तेव्हा फ्लॅटवाल्यांसाठी तेही उत्तर नव्हे. पण लॅब्राडोर किंवा शेफर्डच घ्यायचा असेल तर पिल्लाच्या आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपराचे, दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले एक्स-रे मागता येतात. स्वीडन-नॉर्वेत ते नोंदणीच्या कागदांबरोबर तपासता येतात. इथल्या बाजारात मागितले, तर विक्रेता बहुधा पिल्लाचा पंजा हातात धरून त्याची जाडी दाखवतो.